गीताला सुट्टी

गीता: म्हणजे मला काढलं?

वेणीमाधव: काढलं असं नाही म्हणाल्या. चहा घेऊन ऑफिसात गेलो, तर मृणालिनीताई फोनवर. 'गीताला सुट्टी देतेय, सीताकाकूंच्या खोलीत ती जाणार नाही.' मला बघितलं आणि आवाज बारीक केला.

गीता: आधीच्या मॅनेजरसाहेबांनी नीरजालाही सुट्टीच दिली होती. परत आली का ती?

वेणीमाधव: तेच तर. ही बाई आली तेव्हापासून गोड बोलतेय. आल्या आल्या आपल्याला खुर्च्या आणल्या, म्हणे बसून जेवा. अगं, इतकी वर्षं या वृद्धाश्रमात कढई घासतोय, 'वेणी, बस' असं कुणी म्हटलं? मला तेव्हाच शक आला.

गीता: काल तुम्ही लोक काकूंना मणिकर्णिका घाटावर पोचवून येईपर्यंत मी खोली धुऊन काढली. आणि आज हे. काकूंच्या पाटल्यांचं तर नसेल?

वेणीमाधव: त्या तू ताईंच्या हातात दिल्यास ना, माझ्यासमोर?

गीता: दिल्या. तू सांगशील ना?

वेणीमाधव: सांगेन की. पण स्वयंपाक्याचं ऐकतंय कोण इथे?

(मृणालिनी दारात येते.)

मृणालिनी: गीता, तुलाच शोधत होते.

गीता: ही घ्या चाभी. कपाट बघा, थैली बघा. चोर म्हणायचं तर तोंडावर म्हणा, ताई. सुट्टी कशाला म्हणता?

मृणालिनी: चोर? पाटल्या काकूंच्या मुलाने आज माणूस पाठवून नेल्या. तूच काढून दिल्यास, हेही त्याला सांगितलंय. चाभी ठेव तुझी.

गीता: मग सुट्टी कशाची?

मृणालिनी: काकूंची.

गीता: मी कोण त्यांची? सुतक नात्याच्या माणसाला असतं.

मृणालिनी: नात्याचा माणूस फोनवर म्हणाला, तुम्हीच उरकून घ्या. काकूंच्या तोंडात गंगाजळ कुणी घातलं?

गीता: ते काम आहे माझं.

मृणालिनी: म्हणून तर पगारी सुट्टी. कमिटीवाले म्हणत होते, आजच त्या खाटेवर नवीन आजी आणा, गीता सांभाळेल. त्यांच्याशीच भांडत होते मी.

वेणीमाधव: मग आवाज का बारीक केलात?

मृणालिनी: तुम्ही कान देऊन उभे होता. तिला मी स्वतः सांगणार होते.

वेणीमाधव: चहा गरम होता, सांडेल म्हणून उभा होतो.

गीता: परत कामावर घ्याल, असं लिहून द्याल?

मृणालिनी: देते. सही-शिक्क्यासकट देते. वेणीमाधव, आज गीताच्या घरी चूल पेटवू द्यायची नाही. पिठलं-भाताचा डबा इथून जाईल.

वेणीमाधव: हो ताई. झणझणीत करतो, तिला लागतं तसं.

गीता: मिरची नको घालूस रे. कालपासून घास उतरत नाहीये.