मुके झालेले बूट

सकाळी बरोबर सव्वाआठला माझ्या सोनूचे वाजणारे बूट मुके झाले. हसू नका गो, आमच्या घरामागे थेट उतार हाय. भाकऱ्या थापताना पोर कुठं हाय ते मला त्या पीं-पीं आवाजावरूनच कळतं. बूट कालच घेतलेले, म्हणून त्याला घेऊन तडक पोलादपूरचं दुकान गाठलं.

दुकानदार म्हणाला, "वहिनी, फाटले नाय, उसवले नाय. मग तक्रार कसली?"

"अवो, वाजत नाय!"

"वाजायला ते काय ढोल हायत?"

आमची अशी जुंपलेली असताना खाली बघते तर सोनू नाय! मी हाका मारत दाराकडं पळाले. दुकानदार अनवाणीच रस्त्यावर धावला. शेवटी पोर सापडलं काउंटरखाली, दुकानदाराच्याच डब्यातली पोळी खाताना.

घाम पुसत तो म्हणाला, "वहिनी, कळली तुमची तक्रार."

लगेच नवा जोड दिला. आता तर तो प्रत्येक पोराला दुकानभर चालवून आवाज ऐकतो, मगच बूट विकतो.

वाडीतल्या बायांनाही सांगा, बूट मुके झाले तर बिनधास्त परत न्या, तो वाद घालत नाय. फक्त पोराला घरून जेवू घालून न्या.