काकाचं उलट्या अक्षरांचं तिकीट

माझ्या नौपाड्याच्या काकाकडे ग्रीसचं शंभरेक वर्षांपूर्वीचं पोस्टाचं तिकीट आहे. त्यावर एका ग्रीक देवाचं चित्र आहे, आणि चित्रावर नंतर छापलेली अक्षरं छापखान्यात चुकून उलटी पडलीयेत, आणि त्या चुकीचाच काकाला केवढा माज! त्याचे मित्र, डोंबिवलीचे कुलकर्णी म्हणत, थापा मारतो. रविवारी ते खास बघायलाच आले. काकाने ऐटीत अल्बम उघडला.

“अक्षरं सरळच आहेत की,” कुलकर्णी म्हणाले. “देव मात्र डोक्यावर उभाय.”

काका ओरडला, “कोणी हात लावला?”

“मी,” काकू पोह्यांच्या बशा ठेवत म्हणाली. “पुसताना उलटं दिसलं, सरळ केलं.”

“अगं, ते तसंच असतं!” काकाने तिकीट फिरवून दाखवलं.

काकूने वाकून बघितलं. “म्हणजे अक्षरं सरळ केली की देव उलटा, देव सरळ केला की अक्षरं उलटी. आणि हे बघायला भावजी, तुम्ही डोंबिवलीहून आलात?”