मंगळवारी टाइप झालेली गुरुवारची सभा

समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष आणि कंपनीचे व्यवस्थापक श्री. चिंतामणराव धैर्यवान साहेब, आमच्या वैमानिक संघटनेचे चिटणीस श्री. मनमोहन त्रिलोकेकर साहेब, सत्कारमूर्ती कॅप्टन रघुवीर नवलकर, जुहूच्या विमानतळावरून थेट गिरगावात या सभागृहात आलेले वैमानिक बंधू आणि त्यांच्या घरची मंडळी,

सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते, आणि त्याचे उत्तर मला येत नाही हेही सांगून टाकते. संघटनेने भांडून मिळवलेली रजा आणि भत्ता सगळ्यांनाच मिळतो. मग वर्गणी सगळ्यांकडून सक्तीने घ्यावी का? घेऊ नये म्हणावे, तर सगळा भार चौघांच्या खांद्यावर येतो. घ्यावी म्हणावे, तर सक्तीने आलेला माणूस मनाने आपला राहतो का? बी. ए.ला माझा विषय अर्थशास्त्र होता. आमच्या माझगावच्या घरात पदवीधर झालेली मी पहिलीच. तरी इथे माझी मती चालत नाही.

मी मंजुळा. संघटनेच्या कचेरीत टायपिस्ट आहे. त्रिलोकेकर साहेबांनी मला बजावले आहे, "मंजुळा, दोनच शब्द बोल. कॅप्टनच्या वक्तशीरपणावर बोल. दुसरं काही काढू नकोस." तेव्हा वक्तशीरपणावरच बोलते.

गिरणीमालकांना आणि माजी संस्थानिकांना विमाने भाड्याने देणारी आपली लहानशी कंपनी. तिचे वैमानिक तेवीस. त्यांतले कॅप्टन नवलकर दर महिन्याच्या पाच तारखेला, चारच्या ठोक्याला, आमच्या कचेरीचे तीन मजले चढून येत. वर्गणी टेबलावर ठेवत, पावती मागत आणि विचारत, "आमच्या विश्रांतीच्या तासांचं काय झालं?"

त्रिलोकेकर साहेब म्हणत, "अहो, आत्ताच आलात. चहा तरी घ्या."

"चहा घेतो. तासांचं काय झालं?"

आपण हसता आहात, पण हे सहा वर्षे चालले होते.

मग गेल्या वर्षी धैर्यवान साहेबांनी आपणहून सुचवले की वर्गणी आम्हीच पगारातून कापून संघटनेला पाठवू. सर्वांची. जो देणार नाही, त्याला कामावर ठेवणार नाही. ज्यांच्याकडून वैमानिकांच्या खोलीत एक पंखा मिळवायला आम्हाला पाच पत्रे लिहावी लागली, त्यांनी हे न मागता का दिले? संशय यायला हवा होता. मला तो आलाही, पण भलत्याच माणसाचा.

कॅप्टन नवलकर या योजनेला नको म्हणाले, आणि मी मनाशी ठरवून टाकले की हा मालकाचा माणूस. ते व्यवस्थापकांच्या खोलीतून बाहेर पडताना दिसले असे कुणी म्हटले, की मी तो दिवस लक्षात ठेवी. ते माझ्याशी नीट बोलले तरी वाटे, कचेरीतली बातमी काढताहेत.

ठरावाची सभा एका गुरुवारी होती. तिचे इतिवृत्त मी मंगळवारीच टाइप केले. आमच्याकडे ती पद्धतच आहे. त्रिलोकेकर साहेब म्हणतात, "कागद तयार असला की सभा लांबत नाही." मी लिहिले, एकोणीस सभासद उपस्थित, ठराव सर्वानुमते मंजूर.

त्या गुरुवारी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ झाला. ट्रॅम बंद, बस बंद, ठाकुरद्वारच्या नाक्यावर अश्रुधूर. जुहूहून कोण येणार? तिघे आले. त्यांतले एक दादरहून चालत आलेले कॅप्टन नवलकर. तेव्हाही बरोबर चार वाजले होते.

ते म्हणाले, "तिघांची सभा होत नाही. आणि झालीच, तर माझा विरोध लिहा."

त्रिलोकेकर साहेब म्हणाले, "लिहू हो, लिहू. मंजुळा, तो कागद आण."

खाली रस्त्यावर लोक घसा फोडून सांगत होते, आम्हाला विचारल्याशिवाय आमचा निकाल लावू नका. त्या घोषणा मीही दिल्या होत्या. आणि वर मी, न आलेल्या माणसांची संमती लिहिलेला कागद साहेबांच्या सहीसाठी पुढे केला. मला काही टोचले नाही. विरोध करणारा मालकाचा माणूस होता ना!

पुढच्या पाच तारखेला कॅप्टन पुन्हा आले. हातात पाकीट.

मी म्हटले, "आता पगारातून जातं, कॅप्टन."

"कापायला मी सही दिलेली नाही. वर्गणी माझी आहे, मी आणली आहे. घ्या."

"तशी आता घेता येत नाही."

"सहा वर्षं घेत होतात."

सहा महिने ते पाकीट घेऊन आले आणि पाकीट घेऊन परत गेले. बाकी कोणी जिना चढेनासे झाले. त्रिलोकेकर साहेबही जुहूला जाईनासे झाले. कशाला जातील? वर्गणी घरपोच येत होती. विश्रांतीच्या तासांबद्दलची वैमानिकांची पत्रे माझ्या फायलीत पडून राहिली. तेव्हा कुठे मला कळले की वर्गणी द्यायला न कचरणारा हा माणूस फक्त ती मालकाच्या हातून जाऊ द्यायला तयार नाही.

मग कंपनीचे पत्र आले. "संघटनेच्या सर्वानुमते झालेल्या ठरावानुसार वर्गणी न देणारे कॅप्टन नवलकर यांना कामावर ठेवता येत नाही." एक्केचाळीस वर्षांच्या माणसाला आज आपण शाल घालून निवृत्त करतो आहोत. दोन्ही साहेबांत आधीच काही ठरले होते का, मला ठाऊक नाही. कंपनीचा हार आणि संघटनेचा हार एकाच पुडक्यातून आले, एवढे मी पाहिले.

अध्यक्षमहाराज, आपण घड्याळ पाहिलेत. संपवतेच.

ते पत्र मी घरी आईला वाचून दाखवले. आई सोनूबाई, मासळी विकते. तिला म्हटले, "हा माणूस कुणाचा, तेच मला वर्षभर कळलं नाही."

"मानूस कोनाचा, ते मना नको सांगू. कागूद कोनाचा?"

"माझा."

"मंग? नोकरी जायल म्हनून गप बसलीस?"

"हो."

"जाऊ दे. माज्यासंगं पाटी घे. बी. ए. झालेली कोलीन बघाला गिऱ्हाईक दुप्पट येल."

मला बोलायची संधी दिलीत, त्याबद्दल दोन्ही साहेबांचे आणि इतका वेळ शांत बसलेल्या आपणा सर्वांचे आभार. वडीलधाऱ्यांसमोर काही कमीजास्त बोलले असेन, तर ते पोटात घालावे. कॅप्टन, तुमच्यावर वर्षभर घेतलेल्या संशयाबद्दल मात्र मी सर्वांदेखत तुमची क्षमा मागते.

परवा दुपारी मी कामगार आयुक्तांच्या कचेरीत गेले होते. इतिवृत्ताची कार्बन प्रत दिली. तिच्या खालच्या कोपऱ्यात, माझ्या सवयीप्रमाणे, टाइप केल्याची तारीख आहे, मंगळवारची. सोबत लेखी जबानी दिली: सभेला तिघे होते, एकाचा विरोध होता, खोटे इतिवृत्त टाइप करणारी मी. खाली पूर्ण नावाने सही केली आणि पोच घेऊन आले.