उद्या सकाळचं वजन

नाही, नाही, तिकडं नका जाऊ धुळाप्पा, इथं बसा, पायरीवर सावली आहे. पोरगा आतच आहे, पळून थोडाच जातोय. तामलवाडीहून चालत आलात की काय या उन्हात? — मोटार हुकली? मग दम खा जरा. पाणी पाहिजे तर शाळेच्या व्हरांड्यात रांजण आहे. इकडं नाही ठेवलेला, मुद्दामच नाही ठेवलेला, सांगतो तुम्हाला. ते गाठोडं खालीच राहू द्या. काय आहे त्यात, त्याच्या आईनं, नागूबाईंनी भाकरी दिली असेल — आणि दही? दही तेवढं झाकून ठेवा, त्याच्या नाकाला वास लागायला नको. उद्या सकाळी सोलापूरला वजन झालं की मी स्वतः त्याला समोर बसवून खाऊ घालतो, मग तुम्ही सगळं गाठोडं सोडा, माझी हरकत नाही. उद्या. आज नाही.

कुणी सांगितलं तुम्हाला? — कोंडीरामनं? बाजारात दिसला म्हणाला, गालफडं बसलीत, पोर वाळून काठी झालंय. त्या कोंडीरामला काय कळतं बॉक्सिंगमधलं, त्यानं जन्मभर कुस्त्या बघितल्या, त्याला वाटतं पैलवान म्हणजे पोट पाहिजे. आमच्यात पोट नसतं, धुळाप्पा. आमच्यात वारा लागतो, छातीत वारा. आणि तुमच्या पोराइतका वारा मी कुणात बघितला नाही, खरं सांगतो. रोज पहाटे नळदुर्गच्या रस्त्यानं पळायला नेतो, मी सायकलवर आणि तो पायी, घाट चढताना माझ्याच छातीचा भाता व्हायचा, हा गडी आपला पुढं. मेंढरांमागं फिरून झालेले पाय आहेत ते. मग दोरीवरच्या उड्या, मग गोण — वाळू आणि लोकर भरून गोण टांगली आहे लिंबाला, ती बघा तिकडं, तिला ठोसे. पहिल्या दिवशी कसा मारायचा माहीत आहे? गोफण फिरवल्यासारखा. असा पार मागनं हात आणायचा, तोवर समोरचा जेवून येईल. ती खोड मोडायला माझा सगळा हिवाळा गेला. आता डावा हात असा सुटतो, साप डसल्यासारखा, दिसत नाही. हसू नका, तुम्ही बघितलं नाही अजून.

आणि ऐकतो माझं. एवढी तीस-चाळीस पोरं शाळेत कवायतीला उभी करतो मी, एक धड ऐकत नाही. ह्याला म्हटलं मीठ बंद, तर बंद. म्हटलं पाणी बंद, तर मला म्हणाला, "मास्तर, तुमी सांगाल तवाच पिईन." एवढंच. कुरकुर नाही.

व्हय, पाणी बंद. कालपासून. अहो, ऐकून तर घ्या, उठू नका. तुम्हाला सोपं करून सांगतो. तुम्ही बाजाराच्या दिवशी मेंढरांना मीठ चाटवता की नाही? — आता नाही म्हणू नका, सगळे धनगर चाटवतात. मग ती पाणी पितात ढसाढसा, पोट फुगतं, गिऱ्हाइकानं उचलून बघितलं की जड लागतं. हे त्याचंच उलटं. तिथं पाणी भरायचं, इथं काढायचं. जनावर तेच, वजन कमी. गाभ्याला काही धक्का नाही. सोलापूरला उद्या काट्यावर उभं करतील, ठरल्या वजनाच्या आत भरला तर खालच्या गटात घेतात, वर गेला तर वरच्या. आणि वरच्या गटात तो पोलिसातला गुंडाप्पा आहे. त्याचे दंड तुम्ही बघितले नाहीत. मागच्या साली बार्शीच्या एका पोराला त्यानं असा हाणला, कानातनं रक्त आलं, पोरगा अजून एका बाजूला मान करून ऐकतो. त्याच्यापुढं तुमचा बिराप्पा उभा करू? बोला. तुमच्यासाठीच करतोय मी हे. खालच्या गटात सगळी कॉलेजची पोरं, ताक पिणारी, ह्याच्यापुढं उभी राहत नाहीत. जिंकला की पोलिसात घेतात, तिथल्या साहेबांनी मला स्वतःच्या तोंडानं सांगितलंय. डोक्याला टोपी, पायात बूट. मेंढरांमागं फिरणं संपलं. आणि शिकवलं कुणी, तर अंबादास मास्तरानं, एवढं लोक म्हणतील, तेवढं मला पुष्कळ झालं. शाळेच्या संस्थेचे लोक म्हणतात, देवीच्या गावात हे इंग्रजी गुद्दे कशाला — त्यांनाही बघू दे.

आज सकाळी आडतीवरच्या काट्यावर उभा केला होता. थोडाच जास्त भरतो. एक तांब्या पाणी असेल, तेवढंच. एक तांब्या घाम निघाला की झालं.

म्हणून आत बसवलाय. ती पत्र्याची खोली, कवायतीचं सामान असतं तिथं. — गरम तर असणारच, वैशाख आहे. गरम पाहिजेच. अंगावर तुमचंच घोंगडं आहे, तुम्ही विणलेलं, काळं, त्यानं घरून आणलेलं. त्याच्यासारखी ऊब रबरी कपड्याला नाही. तोंडात चिंचोका ठेवायला दिलाय, चघळायचा आणि लाळ डब्यात थुंकायची, तेवढंच वजन उतरतं. सकाळी बरंच थुंकला. दुपारी म्हणाला, "मास्तर, थुकी येईना." म्हटलं, राहू दे, मग नुसता बस.

घाम? घाम काय बेसुमार आला. घोंगडं पिळलं मी दोनदा. आणि आता थांबलाय. मघाशी डोकावलो तर अंग अगदी कोरडं, तव्यासारखं तापलेलं, पण कोरडं. म्हणजे झालं काम — आतलं पाणी संपलं की घाम थांबणारच, येणार कुठून? मी लगेच बाहेर काढणार होतो. पण म्हटलं, काट्याचा काय भरवसा, इथला काटा निराळा, तिथला निराळा, अजून घटकाभर बसू दे. — हाक मारत होता, व्हय. मला नाही. ऐकून मला हसूच आलं. मेंढरांना हाका घालत होता, धुळाप्पा. हुर्र, हुर्र करून, मग जिभेनं टक् टक्, आणि कुणाचं तरी नाव घेऊन, काळी, काळी — तुमची एखादी मेंढी असेल. — आता नाही ती? मेली? पोरगा लहान असताना? मग स्वप्नात असेल. ग्लानी येते थोडी, ती यायचीच.

आता गप्प आहे. झोप लागली असेल. झोप चांगली.

बसा हो. असे बघू नका माझ्याकडं. मी काय पहिल्यांदा करतोय का हे? सिकंदराबादेला छावणीत होतो मी, गोऱ्यांच्या वेळेला. तिथं एक सार्जंट होता, पोरांना असंच सुकवायचा, तंबूत कोंडून, आणि दुसऱ्या दिवशी तेच गडी रिंगणात वाघासारखे. डोळ्यांनी बघितलंय. — मी? मी नाही कधी उतरलो रिंगणात. मी कचेरीत होतो, कारकुनीत. संध्याकाळी जायचो बघायला, बादली धरायचो, टॉवेल द्यायचो. पण बघून माणूस शिकतो की. सगळं पाठ आहे मला. तंबू, कांबळी, आणि दर घटकेला त्यांचा डॉक्टर यायचा, डोळे उघडून बघायचा, नाडी धरायचा, एखाद्याला उचलून न्यायचा बर्फात ठेवायला. — आता डॉक्टर इथं कुठला आणायचा? ते गोऱ्यांचे लाड. आपली माणसं काटक. तुम्ही नाही का उन्हाळ्यात दिवस दिवस बिनपाण्याचे राहत माळावर — राहता की. तेच मनात धरलं मी. धनगराचं पोर, म्हटलं, ह्याला काय होतंय.

शेगडी? कसली शेगडी — हां, ती. वास इथवर येतो काय. लहानशी आहे. कोपऱ्यात. दुपारी घाम कमी पडायला लागला म्हणून ठेवली, निखारे आता विझलेसुद्धा असतील. दार लोटलंय फक्त. म्हणजे — कडी आहे बाहेरून. त्यानंच सांगितलं, "मास्तर, बाहीरनं कडी लावा, न्हायतर म्या रांजणाकडं जाईन." त्याच्याच तोंडचे शब्द. मी कशाला खोटं बोलू.

धुळाप्पा, काठी खाली ठेवा. उघडतो, मीच उघडतो, तुम्ही मागं व्हा, वाफ तोंडावर येईल. ही कडी तापलीय, धोतराच्या सोग्यानं धरावी लागते — हां. बिराप्पा. अरे ए बिराप्पा, ऊठ, कोण आलंय बघ. वडील आलेत तुझे. ऊठ रे. मघाशी बसलेला होता, भिंतीला टेकून, चांगला बसलेला होता. ओढू नका हो त्याला असं, मान बघा, मान मागं जाते — खांद्याखाली हात घाला, तिकडनं, मी पाय धरतो. सावलीत घ्या. इथं, इथं. दात घट्ट बसलेत. पाणी नको, धुळाप्पा, एवढ्यात नको, एवढ्या महिन्यांची मेहनत — बरं पाजा, पाजा, मी आणतो, रांजण तिकडं आहे, मी — हं, हे घ्या, तोंडाला लावा. घशात जात नाहीय. बाहेरच ओघळतंय सगळं.

हाक मारा त्याला. नुसते बसू नका, धुळाप्पा, माझ्याकडं नका बघू, त्याच्याकडं बघा आणि हाक मारा. माझ्या हाकेला नाही देत तो ओ. तुमच्या हाकेला देईल.