काळी न पडणारी पोत

(जळगावातलं नकली दागिन्यांचं छोटं दुकान. दुकान कामिनीचं. भिकुबाई धरणगावजवळच्या खेड्यातून आलेली आहे.)

कामिनी : ही स्वस्त आहे मावशी, पण पाणी लागलं की महिन्यात लाल पडेल. मग मलाच शिव्या द्याल.

भिकुबाई : मग हाई नको माय. काळी न पडणारी दखाड. आमना गावनं पाणी खारं शे. त्यामा कापूस वेचाना घाम.

कामिनी : मग ही घ्या. आतून स्टील, वरून मुलामा. अँटी टार्निश म्हणतात हिला. आंघोळीत नका काढू, घामात नका काढू, काही होत नाही. सुनेसाठी ना?

भिकुबाई : हो, पुनमसाठी. पण वाट्या ह्या नमुनान्याच पाहिजे. हाई पाह्य, बारीक वेल शे वर.

कामिनी : ही तिचीच का?

भिकुबाई : काल पोत तुटनी. मी सांगं, मीच जळगावले जाईसन ओवी आणस. तिले येऊ दिधं नही. गळामा हळकुंड बांधीसन बसेल शे ती.

कामिनी : म्हणजे तिला न सांगता बदलायची आहे.

भिकुबाई : हळू बोल ना.

कामिनी : दोघीच तर आहोत. मावशी, ही एक ग्रॅमची आहे, वरून नुसता सोन्याचा मुलामा. सोन्याची म्हणून घातली होती का तिला?

भिकुबाई : बठ्ठा पाहुणासपुढे सांगं मी, दोन तोळानी शे म्हणून. खरी व्हती ती लेकले दिधी, कोकिळाले. दोन्ही लगीन एकाच वर्षात. सून परकी वाटनी तव्हय.

कामिनी : आणि तुमच्या गळ्यातल्या वाट्या? त्या तर अस्सल दिसतात.

भिकुबाई : त्या मन्या सासूबाईन्या शेत. काढाले जीव झाला नही.

कामिनी : असू द्या. होतं असं घरोघर.

भिकुबाई : घरोघर नही होत. तिना मानवर काळा चट्टा पडना मागला उन्हाळामा. माले माहीत व्हतं कशाना शे. तरी तिलेच दोष दिधा, हलका साबण लावस म्हणून. तिनी मुकाट्याने साबण बदला. तव्हयपासून तिना तोंडकडे पाहाले माले लाज वाटस.

कामिनी : लग्नाला किती वर्षं झाली?

भिकुबाई : चार.

कामिनी : चार? मी हेच विकते मावशी. खाऱ्या पाण्यात ही वर्षभर टिकत नाही. आणा इकडे. हे बघा, पाठीमागून. नख लावून बघा. साल निघतेय.

भिकुबाई : काय शे हाई?

कामिनी : नेलपॉलिश. बिनरंगाची. थरावर थर दिलेत. मुलामा जाऊ नये, मानेला लागू नये, म्हणून बायका लावतात. खऱ्या सोन्याला कोणी लावत नाही.

भिकुबाई : तिनाकडे एक शिशी शे. मी हासू तिले. रंगच दिसत नही तर लावस कसाले, म्हणू.

कामिनी : काय म्हणायची मग?

भिकुबाई : ती बी हासे.

कामिनी : स्टूलवर बसा मावशी. फोन वाजतोय तुमचा.

भिकुबाई : तिनाच शे. काय बोलू मी तिनासंगे?

कामिनी : उचला तर आधी. अहो, स्पीकर लागला.

पुनम : आई, पोहोचलात का?

भिकुबाई : पोहचनू.

पुनम : ओवायला दिली का कुठे?

भिकुबाई : नही अजून.

पुनम : मग सराफाकडे नका जाऊ हं. तो हातात घेतली की आधी कसोटीवर घासतो, आणि चार गिऱ्हाइकांपुढे मोठ्यानं बोलतो.

भिकुबाई : बोलना तर काय व्हई?

पुनम : काही नाही. गर्दी असते तिथं, उभं राहावं लागतं. तुमचे गुडघे दुखतात. बाहेर पोत ओवणाऱ्या बसतात ना, त्यांच्याकडेच द्या.

भिकुबाई : पुनम...

पुनम : बोला ना.

भिकुबाई : तुना मानवरना चट्टा गया का?

पुनम : कधीचाच. तुम्ही खाऊन घ्या काहीतरी, उपाशी नका फिरू. ठेवते.

कामिनी : पाणी देऊ का मावशी?

भिकुबाई : हळकुंड शे का तुनाकडे?

कामिनी : देवाजवळ असेल. कशाला?

भिकुबाई : पहिले ते दोरामा बांधी दे मन्हा गळामा. मग ह्या मन्या वाट्या उतरव, अन् तिना मणीसमा ओव.

कामिनी : घरी कोणाला विचारायचं नाही का?

भिकुबाई : खोटी घालताना इचारं व्हतं का कोणले?

कामिनी : बरं. मग तुमच्यासाठी ही स्टीलची ओवते. कितीही पाण्यात घाला, काळी पडणार नाही.

भिकुबाई : नको. तिना गळामा व्हती तीच ओव माले. अन् ती नेलपॉलिश खरवडी टाक.