शेवटच्या सुरानंतरचं हसू

छापखान्यातल्या बाकावर एक नवरा-बायको मालकाची वाट बघत बसले होते. एका जुन्या रॉक गिटारवादकाची रेकॉर्डिंग्ज कशी ऐकावीत, यावरचं नवऱ्याचं पुस्तक आज छपाईला जायचं होतं. शेजारी पुठ्ठ्यांना खळ लावणाऱ्या बाइंडरचे कान तिकडेच होते.

"अहो, हे काय लिहिलंय? 'शेवटच्या सुरानंतर स्टुडिओत एक बाई हळूच हसते. ते चुकवू नका.'"

"हसतेच मुळी. माझ्या कॅसेटवर स्पष्ट ऐकू येतं."

"ती कॅसेट आणलीत कुठून?"

"आणतोय कुठून? रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून मीच भरली. आपल्या लग्नाच्या वर्षी."

"आणि तेव्हा झाडू हातात घेऊन गिटार कोण वाजवत होतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे ती बाई मी आहे! तोंडावर हात दाबला होता, तरी फुटलंच हसू."

"अरे देवा!"

"खोडा ते वाक्य. लोक रेकॉर्ड लावून शोधत बसतील आणि तुम्हाला शिव्या घालतील."

बाइंडरने न मागताच पेन पुढे केलं. नवऱ्याने ते घेतलं, कागदावर टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं.

"खोडताय ना?"

"खोडतो गं. पण इतकी वर्षं ते गाणं मी तेवढ्यासाठीच तर शेवटपर्यंत ऐकत आलोय."