काळी चार

सन चौतीसच्या उन्हाळ्यात कारंजाच्या ठेसनावर गाडीची वाट पाहत होतो. पाठीमागच्या बाकड्यावर दोघी बोलत होत्या. एक कस्तुराबाई, दुसरी पेटीमास्तरांची बायको जमीला. माझी त्यांच्याकडे पाठच होती.

"चाळिशी ओलांडली, अन् आता पेटी वाजवाले शिकून राह्यला आमचा मानूस!"

"शिकू दे ना वं. तुह्यं काय जाते?"

"जेवता जेवता ताटावर बोटं नाचवते. काल भाजीत मीठच नाई टाकलं म्या, तरी कळलं नाई त्याले."

"मंग?"

"परवा दोस्ताले सांगे, 'काळी चारनं मले येड लावलं. पांढरी एकच्या संगं जमतच नाई माह्यं.' मले वाटलं, एक गोरी अन् काळ्या चार! पाच बाया ठेवल्या यानं!"

"अवं येडे, पेटीच्या पट्ट्या हायेत त्या! आमचे मास्तरच तं शिकवतेत त्याले."

"समजलं ना मले मंग. दाराच्या फटीतून पाह्यलं म्या. इतकं हळू बोट ठेवते तिच्यावर! मले कदी असा हात नाई लावला."

"पेटीवर जळतं का वं?"

"बाई असती तं झिंज्या उपटल्या असत्या. पेटीचं काय उपटू?"

"मंग काय केलं?"

"पट्टीच उपटली. हे पाह्य, पदरात बांधून आनली."

"या अल्ला! काळी चारच?"

"तेच."

दूर गाडीची शिटी झाली.

"कस्तुरा, आमच्या घरी तं तीन पेट्या हायेत. कशानं उपटली, सांग बरं."